‘ह्येका कोण बघतलो?’ : मोठ्या, अवघड मुलांच्या सांभाळाचा प्रश्न

मृगाचा पाऊस झाला, तरवा हातभर वाढला की आपल्या भागात माणूस मिळत नाही. जो तो लावणीत. कट्टा, पेंडूर, वराड, नांदोस, गोळवण कुठेही जा, दिवसभर घरात एखादी म्हातारी आणि कुत्रा एवढेच राखणीला. घरातलं लहान मूल अंगणवाडीत जातं, तान्हं असेल तर शेजारीण घेऊन बसते. त्याची चिंता फारशी कोणाला पडत नाही. चिंता पडते ती दुसऱ्याच मुलाची. तो असतो बारा-तेरा वर्षांचा, अंगापिंडाने बापाएवढा झालेला. बोलत नाही, किंवा चार शब्दच बोलतो. मनाविरुद्ध झालं की डोकं भिंतीवर आपटतो, समोरच्याला चावतो, दार उघडं मिळालं की रस्त्याने धावत सुटतो. त्याची आई शेजारणीच्या दारात उभी राहते आणि विचारते, “बाये, ह्येका जरा बघशील? मी लावणीक जातंय.” शेजारीण वाईट नसते. ती खरं तेच सांगते, “ल्हान होतो तेवा ठीक होता गे. आता माका तो आवरणा नाय.”

मग आई लावणीला जात नाही. मजुरी बुडते. नाहीतर ती जाते आणि मूल कोंडून ठेवते.

हा प्रश्न एकट्या कट्ट्याचा नाही, पण आपल्या जिल्ह्यात तो जास्त टोचतो. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया निघाल्या. याचा अर्थ सरळ आहे. कमावता पुरुष मुंबईला, गोव्याला, बोटीवर. घर चालवायला बाई आणि म्हातारी माणसं. त्यात आणखी एक गोष्ट आपण सगळे जाणतो, फक्त उघड बोलत नाही. मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत ज्या मुलाचं जमत नाही, ज्याच्या ओरडण्याने चाळीतले शेजारी तक्रार करतात, शाळा ज्याला ठेवून घेत नाही, तो मुलगा गणपतीला चाकरमान्यांबरोबर येतो आणि परत जात नाही. “गावात मोकळी जागा आसा, आजयेकडे ऱ्हवांदे.” जागा मोकळी असते हे खरं. पण सत्तरीची आजी आणि तेरा वर्षांचा, तिच्यापेक्षा ताकदवान नातू, आणि अंगणात कठडा नसलेली विहीर. ही मोकळी जागा कसली, चोवीस तासांची राखण आहे.

आता सरकारी व्यवस्था काय म्हणते ते बघू. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाड्या निघाल्या. वयाची मर्यादा सहा वर्षं. कामावर जाणाऱ्या आयांसाठी पाळणाघर योजना आली, २०२२ पासून ती ‘पाळणा’ या नावाने चालते. वय सहा महिने ते सहा वर्षं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली तर त्यांना बघायला एक बाई नेमावी, अशी तरतूद होती. तिथेही सहाच. सहा वर्षांनंतर मूल शाळेत जाईल, दहा वर्षांनंतर स्वतःचं स्वतः बघेल, असं कायदा करणाऱ्यांनी धरून चालायचं ठरवलेलं दिसतं. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण ज्या मुलाची बुद्धी किंवा मन वयाबरोबर वाढत नाही, जो स्वमग्न आहे, ज्याला फीट येते, जो क्षणभर एका जागी बसत नाही, त्याचं वय वाढतं तशी राखण कठीण होत जाते. दोन वर्षांच्या पोराने रागाने फेकलेली वाटी आपण हसून उचलतो. चौदाव्या वर्षी तोच राग आणि हातात कोयता असला तर घर हादरतं.

शाळा आहे की, असं कोणी म्हणेल. आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलाला सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक फिरतात, काही मुलांना घरी येऊन शिकवतात. पण एका तालुक्यात वाड्या किती आणि ते शिक्षक किती, हे ग्रामसेवकांना मी सांगायला नको. आणि शाळा ही शाळा आहे. मे महिन्यात ती बंद असते, आणि काजू-आंब्याचा हंगाम ऐन त्याच दिवसांत असतो.

पेन्शन आहे. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना महिना दीड हजार मिळत होते, २०२५ मध्ये शासनाने ते अडीच हजार केले. चांगलं झालं. गोळ्यांचा आणि बांबोळीला जाण्या-येण्याचा खर्च तरी त्यातून निघतो. पण पैसे मुलाजवळ बसत नाहीत. त्याला कोणीतरी माणूस लागतं.

या माणसाचाच विचार आपण गावपातळीवर कधी केला नाही, आणि माझं म्हणणं तेवढंच आहे. अवघड वागणाऱ्या मोठ्या मुलाला सांभाळणं हे काम आहे. नांगरणीसारखं, गवंडीकामासारखं काम. ते शिकावं लागतं, त्यात कष्ट आहेत आणि त्याला मजुरी पडली पाहिजे. आजवर ते आईच्या नशिबाचा भाग म्हणून धरलं गेलं. १९९१ साली ‘चौकट राजा’ सिनेमा आला तेव्हा गावोगावच्या बायाबापड्या पदराने डोळे पुसत घरी गेल्या. त्या नंदूलाही सांभाळणारी एकटी आईच होती. सिनेमा बघून रडलो आपण, पण आपल्या वाडीतल्या आईच्या घरी दोन तास जाऊन बसलं कोण?

काय होतं, ते आडपडदा न ठेवता लिहितो. मुलं बांधली जातात. कमरेला दोर, दुसरं टोक खांबाला. कोणी हौसेने करत नाही. रस्त्यावर डंपर धावत असतात, पाणंदीला विहीर असते, घरात दुसरं कोणी नसतं. त्या आईला नावं ठेवणाऱ्याने आधी एक दिवस तिच्या जागी बसून बघावं. पण बांधण्याचा शेवट कुठे होतो हेही माहीत असावं. तामिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांना ठेवलेल्या झोपडीला पहाटे आग लागली. माणसं साखळीने जखडलेली होती. त्या आगीत २८ जण मेले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराच्या माणसाला साखळीने बांधायला सरळ बंदी घातली. आपल्या घरातला दोर प्रेमापोटी असेल, पण पडवीत चूल पेटलेली असते आणि वीजही पडते. शिवाय बांधलेलं मूल शांत होत नाही. सुटल्यावर ते दुप्पट जोराने पळतं, हे सांभाळणाऱ्या कोणालाही विचारा.

देवस्कीचाही विषय आहेच. मूल अचानक ओरडायला लागलं, रात्री झोपेनासं झालं, की कोणीतरी म्हणतं काहीतरी बाधलं असेल. देवाकडे गाऱ्हाणं घालायला माझी ना नाही. मनाला धीर येतो. पण गाऱ्हाणं घालून झालं की त्याच दिवशी मुलाचं तोंड उघडून दाढ बघा. कानात पू आहे का बघा. पोट चार दिवस साफ नाही का ते विचारा. मुलगी वयात आली असेल तर पाळीचं दुखणं आहे का बघा. ज्या मुलाला ‘दुखतंय’ हा शब्दच येत नाही ते दुखणं हातापायांनी सांगतं. नव्याने सुरू झालेल्या मारामारीमागे कित्येकदा किडलेली दाढ निघते.

सांभाळणाऱ्याला शिकायचं ते नेमकं हेच असतं. मुलाच्या वागण्याला बहुतेक वेळा काहीतरी कारण असतं. त्याला एखादी वस्तू हवी असते, एखादं काम टाळायचं असतं, आवाज किंवा गर्दी सोसत नसते, किंवा आपल्याकडे कोणी बघावं असं वाटत असतं. कारण शोधायची सोपी रीत आहे. घरात कालनिर्णय असतं. त्याच्या चौकटीत आपण दुधाचा हिशेब लिहितो ना, तसं लिहायचं: किती वाजता बिघडलं, त्याच्या अगदी आधी काय झालं होतं, आणि बिघडल्यावर आपण काय केलं. पंधरा दिवसांत ओळ लागते. रोज दुपारी साडेबारालाच का? तर तेव्हा मिक्सर लागतो. सोमवारीच का? तर रविवारी मुंबईहून बापाचा फोन येतो आणि नंतर येत नाही. कारण कळलं की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं सवयीचं. अशा मुलाला अचानक काही चालत नाही. उठणं, आंघोळ, पेज, अंगणातला केर, गुरांना पाणी, झोप, हे ठरल्या क्रमाने झालं तर दिवस बरा जातो. भिंतीवर त्या क्रमाने चित्रं लावली तर त्याहून बरा. न बोलणारी मुलंही चित्रावर बोट ठेवतात. काम बदलायच्या आधी सांगायचं, ‘ह्या झाला की मगे पेज’. बोलायचं थोडं आणि हळू. तो ओरडत असताना आपण ओरडायचं नाही, भाषण द्यायचं नाही, घोळका जमवायचा नाही. आपल्या वाड्यांत एक खोड आहे, कुठे आरडाओरडा झाला की दहा जण बघायला येतात. त्या दहा जणांनी घरी राहावं. कोयता, विळी, रॉकेल, गोळ्या कुलपात. विहिरीवर जाळी. आणि चांगलं वागला की लगेच, त्याच क्षणी कौतुक. संध्याकाळी बाप आल्यावर केलेलं कौतुक त्याच्या डोक्यात सकाळच्या कामाशी जुळत नाही.

मारल्याने काय होतं? तेवढ्यापुरतं थांबतं. आणि मूल शिकतं की जो ताकदीने मोठा त्याने मारावं. दोन वर्षांनी ताकदीने मोठा तो असतो.

फटाके, ढोल-ताशे, डीजे यांचं वेगळं सांगायला हवं. चतुर्थीत, शिमग्यात, आंगणेवाडीच्या जत्रेत कान झाकून रडणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. लाड नव्हेत ते, त्यांना आवाज खरोखरच अंगावर येतो. त्या दिवसांत मुलाला घरी ठेवायचं म्हणजे आई किंवा आजीला वर्षाचा सण बघायला मिळत नाही. आळीपाळीने दोन तास कोणी बसलं तर तिचंही दर्शन होईल, फुगडी होईल. भजनी मंडळाच्या पोरांनी हे मनावर घ्यायला हरकत नाही.

हे सगळं एकटी आई किंवा आजी करू शकत नाही, असं नाही. कित्येकजणी न शिकताच करतात, आणि उत्तम करतात. पण रोज, सुट्टीविना, वर्षानुवर्षं? घरात बैल दोन असले तरी त्यांना दुपारी सोडतात.

म्हणून ग्रामपंचायतींनी काय करावं ते आता मांडतो. सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी इथे कृपया लक्ष द्यावं.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करायचा, हा नियम १९९५ च्या कायद्यानंतर आला. तेव्हा तो ३ टक्के होता, २०१६ च्या कायद्यानंतर ५ टक्के झाला. हा पैसा आज कसा जातो? मार्च उजाडला की यादी काढतात आणि थोडे थोडे पैसे वाटतात, किंवा खुर्च्या, घड्याळं, ब्लँकेटं. वाटपाचा फोटो पेपरात येतो. कोणाला चार पैसे मिळाले याचं दुःख नाही, पण त्याने एका घराचाही एक दिवस हलका होत नाही.

हिशेब करून बघा. समजा, एका ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न ६ लाख. पाच टक्क्यांचे ३० हजार होतात. एकट्याने काही जमणार नाही. पण कट्टा परिसरातल्या पाच ग्रामपंचायती एकत्र आल्या तर दीड लाख. दोन बायांना रोज चार तासांचे महिना सहा हजार प्रमाणे दिले तर वर्षाला १ लाख ४४ हजार. म्हणजे आहे त्या पैशात दोन माणसं उभी राहतात. जागेचं म्हणाल तर पटसंख्या घटून बंद पडलेल्या शाळांच्या खोल्या आहेत, अंगणवाडीची खोली दुपारनंतर रिकामी असते. कट्ट्याची बाजारपेठ मालवण-कसाल रस्त्यावर असल्याने आजूबाजूच्या वाड्यांतून रिक्षाने, एसटीने मूल आणणं सोयीचं. दहा वर्षांवरच्या पाच-सहा मुलांना रोज चार तास बघणारं सांभाळघर इथे चालू शकतं. मोठी संस्था नको, इमारत नको, उद्घाटनाला मंत्री तर नकोच.

बायांना शिकवायचं कोण? १९९९ च्या कायद्याने केंद्र सरकारने राष्ट्रीय न्यास स्थापन केला आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी तो काम करतो. २०१५ मध्ये त्याने काही योजना आणल्या, त्यात सांभाळणाऱ्यांना शिकवण्यासाठी ‘सहयोगी’ आणि दहा वर्षांवरच्यांना दिवसभर ठेवण्यासाठी ‘विकास’ होती. ‘निरामय’ नावाने एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही न्यासाचाच. बौद्धिक दिव्यांगांच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. रत्नागिरीत ‘आविष्कार’ची शाळा आणि कार्यशाळा आहे, तिथे आठ दिवस राहून दोन बाया बघून-शिकून येऊ शकतात. गोव्यात पर्वरीचं संजय स्कूल आपल्याला मुंबईपेक्षा जवळ. रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये नाशिकला ‘प्रबोधिनी’ सुरू केली ती स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने. डोंबिवलीजवळ खोणीला ‘घरकुल’ पालकांनीच उभं केलं. आपल्याकडे पालक विखुरलेले, एका वाडीत एक, दुसऱ्या वाडीत एक. म्हणून पुढाकार पंचायतीचा हवा.

मी हे बोलतो तेव्हा तीन आक्षेप येतात. पहिला: ‘मुलं किती? चार-पाच तर आहेत.’ चार-पाच मुलं म्हणजे चार-पाच आया, तेवढ्याच आज्या, आणि ज्यांना शाळेतून येऊन भावावर राखण बसावं लागतं त्या बहिणी. त्या बहिणींचं कोणी मोजत नाही. दहावीच्या वर्षी अभ्यास सोडून भावाच्या मागे धावणारं चेडू प्रत्येक अशा घरात असतं. दुसरा आक्षेप: ‘काही झालं तर जबाबदार कोण?’ प्रश्न रास्त आहे. मुलाची कागदपत्रं, औषधं, फीट आली तर काय करायचं, कोणाला फोन लावायचा हे दारावर लिहून ठेवावं, कट्ट्याच्या ग्रामीण रुग्णालयाला आधी कल्पना द्यावी, पालकांची सही घ्यावी. पण मूल घरात कोंडलेलं असताना काही झालं तर जबाबदार कोण, हा प्रश्न आपण आजवर का विचारला नाही? तिसरा आक्षेप असा की हे विलायती खूळ आहे. इंग्लंडात २०११ पासून स्थानिक कौन्सिलने अशा मुलांच्या आईबापांना अधूनमधून विसावा मिळेल अशी सेवा द्यावी असा नियम आहे खरा. पण आमच्या आज्यांच्या काळी एकत्र कुटुंबात हेच होत होतं. एक काकी थकली की दुसरी उठायची. काकी मुंबईला गेली, त्याला खूळ म्हणायचं की काय म्हणायचं?

एक कायद्याची बाजू अजून राहिली. २०१६ च्या कायद्यात ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांना सांभाळणाऱ्यासाठी भत्ता द्यावा असं लिहिलं आहे. आमदार-खासदारांनी त्याचा पाठपुरावा करावा. तोवर गावाने थांबू नये.

मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र नसेल तर या वाटेने काहीच हाती लागत नाही, आणि कित्येक घरांत ते नसतंच. ‘खुळो’ म्हणून शिक्का नको, मुलीच्या लग्नात आडवं येईल, ही भीती असते. काहींना ओरोसला जिल्हा रुग्णालयात त्या मुलाला घेऊन एसटीने जाणंच अशक्य वाटतं. गाडीत तो ओरडतो आणि सगळी गाडी वळून बघते. ग्रामपंचायतीने वर्षातून दोनदा एक गाडी ठरवून अशी सगळी मुलं एकदम न्यावीत, बरोबर आशाताई द्यावी. पाच टक्क्यांतून गाडीचं भाडं बसतं.

येत्या ग्रामसभेत एवढे ठराव मांडता येतील: गावातल्या दहा ते अठरा वयाच्या अशा मुलांची यादी आशाताई आणि अंगणवाडी सेविकेने घरोघर जाऊन करावी, शेजारच्या ग्रामपंचायतींबरोबर बसून पाच टक्के निधीतून सांभाळघराचा खर्च वाटून घ्यावा, दोन बाया निवडताना ज्या आईने किंवा बहिणीने असं मूल स्वतः सांभाळलं आहे तिला पहिला मान द्यावा. सुरुवातीला वर्षभराचं बघू नका. लावणीचे वीस दिवस आणि मेचा महिना, एवढंच करून बघा. पहिल्या आठवड्यात मुलं रडतील, एखादं पळेलही, म्हणून त्या आठवड्यात प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस बसवावं आणि खोलीला आतून उघडणारी, पण उंचावर असलेली कडी लावून घ्यावी.